रेस्ट डे कुठे घ्यावा? हुए, हाय वानच्या आदल्या दिवशी

बोपदेव_एक्सप्रेस (धागाकर्ता):

व्हिएतनामच्या किनाऱ्यानं केलेल्या सायकल टूरचा धागा मागे टाकला होता. त्यावर प्रतिसाद कमी आणि व्यनि (व्यक्तिगत निरोप) जास्त आले. निम्म्या व्यनिंत प्रश्न एकच: मधे एक दिवस थांबायचं तर कुठे? कोथरूडचा एक ग्रुप फेब्रुवारीत निघतोय, त्यांचा बेत दा नांगला थांबायचा आहे. म्हणून हे वेगळं लिहितो.

माझं म्हणणं, दा नांग नको, हुए. उत्तरेकडून दक्षिणेला जाताना या दोन गावांच्या मधे हाय वानची खिंड लागते, उंची ४९६ मीटर. सिंहगड करणाऱ्यांना हा आकडा ऐकून हसू येईल. पण सिंहगडाला आपण पहाटेच्या गारव्यात, रिकाम्या सायकलनं जातो. इथे हुएहून साठ-सत्तर किलोमीटर तुडवून झाल्यावर, लांग कोचं खाजण मागे टाकून, ऐन उन्हात दोन्ही बाजूंना पॅनिअर (सामानाच्या पिशव्या) लटकवून समुद्रसपाटीपासून चढायला लागायचं असतं. घाट उतरल्यावर पलीकडे जाऊन लोळण्यात काय हशील? पाय ताजे हवेत ते घाटाच्या अलीकडे.

घाटाखालून २००५ साली बोगदा झाला, सहा किलोमीटरहून लांब. त्यात सायकल आणि मोटरसायकल चालवायला बंदी आहे. पण त्याचे आपल्यावर उपकार असे की ट्रक सगळे आत गेले. वर उरले पेट्रोलचे टँकर, मोटरसायकलवरचे गोरे आणि आपण.

आता रेस्ट डेचं वर्णन. सकाळचं पहिलं काम धुणं. हुएमध्ये गल्लोगल्ली किलोच्या भावानं कपडे धुऊन देतात. हॉटेलमागच्या दुकानातल्या बाईंनी जर्सी काट्यावर टाकल्या, मोजे टाकले, तोंडातून ब्र नाही. मग पॅडवाल्या चड्ड्या निघाल्या. त्यांनी एक हातात घेतली, पॅड दोन बोटांत दाबून पाहिलं, उलटीपालटी केली, शेजारच्या दुकानातल्या बाईला हाक मारून तिलाही दाबायला लावलं. आणि मग दोघींनी आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर गृहस्थांकडे अशा काही मायेनं पाहिलं की ते बिचारे बाहेर फुटपाथवर जाऊन उभे राहिले. संध्याकाळी सगळं इस्त्रीसकट परत आलं. पॅडनासुद्धा इस्त्री.

सायकलींच्या चेन पुसून तेल घातलं, ब्रेक पॅड पाहिले, कुलूप लावलं. दिवसभर त्यांच्याकडे ढुंकून पाहायचं नाही असा माझा नियम आहे (यावरून खाली मारामारी होणार, तयार आहे).

आठच्या सुमारास किल्ल्यात. ही न्गुएन घराण्याची राजधानी, १८०२ ते १९४५, तेरा राजे. बाहेरच्या तटाचा घेर सुमारे दहा किलोमीटर, फ्रेंच धर्तीचा, बुरुज टोकदार. आणि तटाच्या आत आजही गाव नांदतंय, शाळा सुटतात, परसात पालेभाजी लावलेली दिसते. राजवाड्याचा भाग त्याच्याही आत. तिथल्या न्गो मोन दरवाज्यावर ३० ऑगस्ट १९४५ ला शेवटचा राजा बाओ दाई यानं गादी सोडली. दरवाजा ओलांडून पुढे गेलात की भव्य इमारतींची रांग लागेल अशी अपेक्षा असेल तर ती सोडा. १९४७ च्या आगीत आणि १९६८ च्या तेतच्या (तिथल्या नववर्षाच्या) लढाईत बरंचसं गेलं. कित्येक ठिकाणी नुसती जोती आणि हिरवळ, अगदी आपल्या शनिवारवाड्यासारखं. फरक इतकाच की तिथे पुन्हा बांधायला काढलंय, किएन ट्रुंग हा महाल नव्यानं उभा करून २०२४ मध्ये लोकांना खुला केला.

मला सगळ्यात रमवलं ते काशाच्या नऊ कुंभांनी. मिन्ह मांग राजानं १८३५ ते १८३७ मध्ये ओतवून घेतलेले, तीन पायांचे, माणसाहून उंच. प्रत्येक कुंभ घराण्यातल्या एकेका राजाच्या नावाचा. अंगावर देशातल्या नद्या, डोंगर, झाडं, जनावरं, नावा, तोफा कोरलेल्या. गाइड म्हणाला, यातल्या एकावर हाय वान आहे. झालं! आम्ही सगळे कुंभाभोवती गोल फिरतोय, गुडघ्यावर बसतोय, उन्हानं तापलेल्या धातूवर नाक लावून बघतोय. शेवटी सापडला: डोंगराच्या घड्या एकावर एक, मधे खिंडीचा दरवाजा. तो दरवाजा १८२६ चा, अजून वर उभा आहे. उद्या जिथे आपली जीभ बाहेर येणार ती जागा तळहाताएवढ्या काशात आज बघायची. आमच्यातला एकजण बोटानं चढाचा अंदाज घ्यायला लागला, तेव्हा पहारेकऱ्यानं हाकललं.

तिकीट आम्ही गेलो तेव्हा दोन लाख डोंग. लाख ऐकून दचकू नका, तीनशेच्या आसपास डोंग म्हणजे एक रुपया.

दुपारी जेवण आणि सणसणीत झोप. ऊन कलल्यावर सायक्लोनं थिएन मू पॅगोडा. सायक्लो म्हणजे तीनचाकी, आपण पुढे खुर्चीत आणि चालवणारा मागे. पाच सायकलवाले पाय पसरून बसलेत आणि साठीचा माणूस एका गियरवर त्यांना ओढतोय, हे दृश्य काही अभिमानाचं नव्हतं.

पॅगोडा १६०१ चा, सात मजली मनोरा मागाहून १८४४ मध्ये बांधलेला. नदीकाठी टेकाडावर आहे, जागा सुरेख. मागच्या अंगाला एका शेडमध्ये फिक्या निळ्या रंगाची जुनी ऑस्टिन मोटार ठेवली आहे. ११ जून १९६३ ला सायगावच्या चौकात थिच क्वांग दुक या भिक्षूंनी स्वतःला जाळून घेतलं, ते या गाडीतून तिथे गेले होते. तो फोटो सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. गाडी मात्र अगदी घरगुती आहे, पुण्यात एखाद्या जुन्या बंगल्याच्या पोर्चमध्ये शोभेल अशी. आमच्यातलं कोणी त्यानंतर बराच वेळ फारसं बोललं नाही.


गियरबदल:

मस्त लिहिलंयस. पण असहमत. हुएपेक्षा होई आन शंभर पट बरं. जुनं गाव आहे, मधल्या गल्ल्यांत गाड्यांना बंदी असते, समुद्र चार-पाच किलोमीटरवर. आम्ही तिथे थांबलो. सकाळी शिंप्याकडे माप दिलं, दुसऱ्या दिवशी सूट तयार. घाट आदल्या दिवशी चढून आलो म्हणून झोपही जी लागली! घाट डोक्यावर असताना कोणाला झोप येते?


बोपदेव_एक्सप्रेस:

सूट पॅनिअरमध्ये घालून पुढे किती किलोमीटर नेलास ते सांग आधी.


गियरबदल:

कुरिअरनं पाठवला. आला पण. बसत नाही आता, तो भाग वेगळा.


सोनचाफा:

फार छान. एक बाळबोध प्रश्न: आम्ही दोघं शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. तिथे काय खायचं? नवरा आत्तापासून थेपल्यांचे हिशेब करतोय.


कर्वेनगरची_माई:

सोनचाफा, थेपले नेच, पण हुएमध्ये लागायचे नाहीत. मी त्या पाच जणांतली एक, वय बासष्ट, कट्टर शाकाहारी. ज्या पाटीवर ‘चाय’ लिहिलेलं असतं ते दुकान पूर्ण शाकाहारी. बौद्ध लोक पौर्णिमेला आणि प्रतिपदेला मांसाहार करत नाहीत, त्या दिवशी तर अशी दुकानं भरून वाहतात. हुएमध्ये देवळं-मठ भरपूर, म्हणून अशी खानावळही हाकेच्या अंतरावर. मी टोफू, केळफुलाचं सॅलड, तांदळाच्या शेवया, मशरूमचं कालवण असं खाल्लं. फक्त साध्या हॉटेलात सावध, तिथे भाजीतसुद्धा मासळीचं सॉस असतं. आपला डबा काढून बसलं तरी कोणी उठवत नाही, वर कुतूहलानं चव मागतात. माझं मेतकूट एका आजींनी भातावर घेतलं आणि पुन्हा वाटी पुढे केली.

आणि मिठाची कॉफी प्या. हुएचीच खासियत. ऐकायला विचित्र, पण वरच्या सायीत मीठ इतकं बेताचं असतं की कडूपणा मरतो.

आता बोपदेवनी लिहिलं नाही ते. मी दुपारी झोपले नाही. तू दुक नावाच्या राजाच्या समाधीला गेले, एकटी, टॅक्सीनं. हे गृहस्थ १८४७ ते १८८३ गादीवर होते. समाधी बांधली १८६४ ते १८६७, म्हणजे मरायच्या कितीतरी आधी, आणि मग तिथेच येऊन राहायचे. तळं, तळ्यात कमळं, काठावर लाकडी मंडप, त्यात बसून कविता करायच्या. बांधकामाच्या जाचाला कंटाळून १८६६ मध्ये मजुरांनी बंड केलं, तेही खरं. मूलबाळ नाही, दक्षिणेतले प्रांत फ्रेंचांना द्यावे लागलेले. मुलगा नसल्यामुळे समाधिलेख त्यांनी स्वतःच लिहिला. तो दगड प्रचंड आहे, मंडपात एकटा उभा. त्यात स्वतःच्या कारकिर्दीचे दोषही मांडलेत, असं तिथल्या मुलीनं सांगितलं. आपल्याकडे कोनशिलेवर काय काय लिहितात ते आठवून हसू आलं.

मी त्या तळ्याकाठच्या मंडपात तासभर पाय सोडून बसले. किल्ल्यात या मंडळींनी जी तंगडतोड केली तिला मी विश्रांती म्हणत नाही.


पायमोकळे:

मी फिजिओ आहे, म्हणून जरा नाक खुपसतो. माईंना +१. सायकलवाल्यांचा गैरसमज असतो की पेडल मारलं नाही म्हणजे पायांना आराम. संग्रहालयात, राजवाड्यात आपण चालतही नाही आणि बसतही नाही, रेंगाळत उभे राहतो. त्यानं पोटऱ्या आणि कंबर जी धरते ती दुसऱ्या दिवशी घाटात कळते. पायऱ्या तर त्याहून वाईट, सवय नसलेल्या मांड्यांना उतरताना जो मार बसतो तो वेगळाच.

त्यामुळे बोपदेव, तुमचा सायकलला हात न लावण्याचा नियम मला पटत नाही. अर्धा-पाऊण तास एकदम हलक्या गियरवर, सपाट रस्त्यावर, सामान न घेता फिरून या. घाम येता कामा नये. मग खुशाल लोळा.


नळस्टॉपचा_नाना:

अशा हलक्या रपेटीसाठी हुएमध्ये थान तोआनचा पूल. शहरापासून आठेक किलोमीटर, सगळा रस्ता भातखाचरांमधून. १७७६ चा लाकडी पूल आहे, वर कौलारू छप्पर, दोन्ही कडांना बसायला बाकं. गावच्या एका बाईनं पदरच्या पैशानं बांधून दिला, तिची पूजा अजून होते. दुपारी गेलात तर गावातले म्हातारे तिथे आडवे झालेले दिसतील. तुम्हीही व्हा. राजाच्या समाधीपेक्षा हे बरं, तिकीट नाही आणि गाइड नाही.


पेठकर:

दोन मुद्दे.

एक. जोती आहेत ती जोती म्हणूनच राहू द्यावीत. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळला, त्याचा उरलेला चौथरा हाच इतिहास आहे. हुएमध्ये काँक्रीट ओतून, सोनेरी रंग मारून जे उभं केलंय ते पर्यटकांचं मखर आहे. उद्या कोणी आपल्याकडे सात मजली वाडा बांधू म्हणाला तर तुम्ही टाळ्या वाजवणार का?

दोन. नदीवरचा सहा कमानींचा लोखंडी ट्रांग तिएन पूल, १८९९ चा, ‘आयफेलनं बांधला’ म्हणून बोटवाले सांगतात आणि पर्यटक घरी येऊन तसंच लिहितात. तो स्नायडर कंपनीनं बांधला. धाग्यात पुलाचा उल्लेख नाही, पण पुढे कोणीतरी करेलच, म्हणून आधीच सांगितलं.


बोपदेव_एक्सप्रेस:

पेठकर, तुमच्या आधीच सांगण्याला दंडवत.

महालाबद्दल: तो १८२८ मध्ये नाही, १९४७ मध्ये जळला. फोटो आहेत, तो पाहिलेली माणसं परवापर्यंत होती. तिथले लोक पाडव्याला नवे कपडे घालून यावं तसे त्या महालासमोर फोटो काढायला येतात, पारंपरिक आओ दाय घालून. त्यांचं घर जळलं, त्यांनी बांधलं. मी पुण्यातून जाऊन काय सांगू? रंग भडक आहे, हे मान्य.


उदबत्तीवाला:

माई तू दुकच्या समाधीला गेल्या म्हणजे वाटेत थुई शुआनचं उदबत्त्यांचं गाव लागलं असणार. रस्त्याच्या दोन्ही कडांना रंगीत काड्यांच्या जुड्या फुलासारख्या उघडून वाळत ठेवलेल्या. सगळे तिथे सेल्फी काढतात. मी काड्या मोजत बसलो.

आमचा धंदा बुधवारातला, वडिलांपासूनचा. आपल्या देवघरातल्या उदबत्तीची बांबूची काडी कित्येक वर्षं व्हिएतनाममधून यायची, कच्ची उदबत्तीसुद्धा. २०१९ मध्ये सरकारनं उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध आणले, २०२० मध्ये काडीवरचं आयातशुल्क १० वरून २५ टक्के केलं. त्या वेळी आमची जी धावपळ झाली ती विचारू नका. तिथे एक बाई हातानं काडी वळून दाखवत होती. लगदा फळीवर, काडी मधे, वरून फळकुटानं एक फटका, झाली. मीही एक वळली. तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली, निरखली, आणि विक्रीच्या जुडीत ठेवली. वडील असते तर त्यांना सांगितलं असतं.


अर्धापाव:

सगळे हुए विरुद्ध होई आन भांडताय, पण हाय वान हा नुसता चढ नाही, जुनी सरहद्द आहे. उत्तरेला दाय व्हिएत म्हणजे व्हिएतनामी लोकांचं राज्य, दक्षिणेला चंपा, शिवाची पूजा करणारं राज्य, संस्कृत शिलालेख. आणि गंमत म्हणजे हुएचा परिसरसुद्धा आधी चंपाचाच. १३०६ मध्ये चंपाचा राजा तिसरा जय सिंहवर्मन यानं व्हिएतनामची राजकन्या ह्युएन ट्रान मागितली आणि बदल्यात दोन प्रांत दिले. म्हणजे तुम्ही ज्या गावात चड्ड्या धुवायला टाकल्या तो मुलूख लग्नात मिळालेला आहे. राजा पुढच्याच वर्षी वारला. तिला सती जावं लागू नये म्हणून माहेरच्यांनी पळवून आणलं, अशी कथा सांगतात.

त्यामुळे माझं मत, रेस्ट डे दोन घ्या. एक घाटाच्या अलीकडे, एक पलीकडे. दा नांगचं चाम (म्हणजे चंपाच्या) शिल्पांचं संग्रहालय १९१९ चं आहे, गणपती आहे, शिवलिंगं आहेत, नाचणाऱ्या अप्सरा आहेत. होई आनहून ४० किलोमीटरवर ‘मी सन’, शंकराच्या विटांच्या देवळांचा समूह. १९६९ च्या अमेरिकन बाँबहल्ल्यात तिथलं मुख्य देऊळ पडलं. आपल्या पुरातत्त्व खात्यानं तिथे दुरुस्तीचं काम केलंय, २०२० मध्ये त्या कामात नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं. ‘मी सन’ला सायकलनं जाऊ नका, ऊन खातं. पहाटेची गाडी घ्या.


गियरबदल:

म्हणजे होई आन. मी काय म्हणत होतो?


पायमोकळे:

अवांतर: खाय दिन्हच्या समाधीचं कोणी नाव काढलं नाही. काँक्रीटची आहे, आतून चिनी मातीच्या आणि काचेच्या तुकड्यांची नक्षी, बघण्यासारखी. पण चढायला १२७ पायऱ्या. रेस्ट डेला गेलात तर माझ्याकडे येऊ नका.


कर्वेनगरची_माई:

त्या राजानं बांधकामासाठी लोकांवरचे कर वाढवले होते. मी त्याच रागानं गेले नाही. पायऱ्यांचं कारण तुम्ही द्या.


कोथरूडकर_चौकडी:

ज्यांच्यासाठी धागा काढला ते आम्ही. सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. हुए नक्की केलं. चौघांपैकी दोघं किल्ला, दोघं थान तोआनचा पूल अशी विभागणी आत्ताच झाली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निघतोय. हवा कशी असते?


नळस्टॉपचा_नाना:

हुएला ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडून काहीही चालेल, तेव्हा पाऊस झोडपतो, पूर येतात. फेब्रुवारीत हुएमध्ये ढगाळ, रिमझिम, जॅकेट लागेल. खिंड ओलांडलीत की बहुतेकदा लख्ख ऊन. वर पोचल्यावर एका बाजूला धुकं आणि दुसऱ्या बाजूला निळा समुद्र असं आम्हाला मिळालं.

पण तारखेचं काय? तेत बघितलंत का? त्यांचं नववर्ष चांद्र पंचांगावर, जानेवारीअखेरपासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येतं. त्या दिवसांत सगळा देश घरी जातो. रेल्वेची तिकिटं नाहीत, खानावळी बंद, सायकलचं दुकान तर विसराच. टायर फुटला तर बसा भाकरवडी खात.


कोथरूडकर_चौकडी:

बापरे. कोणीच पाहिलं नव्हतं. ग्रुपवर टाकतो.


कर्वेनगरची_माई:

तेतला एखाद्या घरी बोलावणं आलं तर भाग्यच, पण त्या भरवशावर निघू नका.


कोथरूडकर_चौकडी:

बोलणं झालं. मार्चचा पहिला आठवडा धरतोय. तिघं तयार, चौथ्याच्या मुलीची दहावी आहे. तो म्हणतोय तिचा शेवटचा पेपर झाला की मी थेट दा नांगला विमानानं येतो आणि तुम्हाला घाटाच्या पलीकडच्या पायथ्याशी भेटतो.


बोपदेव_एक्सप्रेस:

म्हणजे घाट चुकवतोय! त्याला सांगा, हाय वान दक्षिणेकडूनही चढता येतो. तुम्ही वर पोचेपर्यंत त्यानं खालून वर यायचं, खिंडीतल्या दरवाज्यापाशी भेटायचं.